सिरॅमिकची कॅप कडेला का तडकते?

आजचा विषय आकाराने फार छोटा आहे, अक्षरशः एक मिलिमीटरचा. दातावर बसवलेल्या सिरॅमिकच्या कॅपची हिरडीजवळची कड आणि त्या कडेखाली दात कोणत्या आकारात कापलेला आहे, एवढंच आपण पाहणार आहोत. कॅप करायची म्हटलं की घरात चर्चा होते ती मटेरियलची आणि पैशांची. झिर्कोनिया घ्यावा की दुसरं काही, वॉरंटी किती वर्षांची, रंग जुळेल का. हे प्रश्न योग्यच आहेत. पण एकाच मटेरियलच्या, एकाच लॅबमध्ये झालेल्या दोन कॅपांपैकी एक पंधरा वर्षं टिकते आणि दुसरी दोन वर्षांत तडकते, तेव्हा या प्रश्नांतून उत्तर मिळत नाही. तिथे कडेकडे बघावं लागतं.

आजचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : सिरॅमिकला दाब सोसतो, खेच सोसत नाही, आणि चावण्याचा जोर कॅपमध्ये दाब म्हणून पोचणार की खेच म्हणून, हे बऱ्याच अंशी कडेचा आकार ठरवतो. पण चांगली कड फुकट मिळत नाही, ती दातातून कापून घ्यावी लागते. त्यामुळे शेवटी हिशेब कॅप आणि दात या दोघांचा मांडावा लागतो.

कड म्हणजे नेमकं काय

डोक्यावर टोपी घालताना डोकं आहे तेवढंच राहतं. दाताचं तसं नाही. कॅपची जाडी मावावी म्हणून दातच सगळ्या बाजूंनी तासून लहान करावा लागतो. हा तासलेला भाग खाली हिरडीजवळ जिथे संपतो, त्या रेषेवर कॅपची कड येऊन टेकते. आम्ही दंतवैद्य त्या रेषेला 'फिनिश लाइन' म्हणतो, कडेला 'मार्जिन' म्हणतो. आपण आज कडच म्हणू.

ही कड तीन-चार प्रकारांनी कापता येते. पहिला प्रकार सुरीच्या धारेचा. दाताची भिंत सरळ खाली येते आणि पायरी न होताच संपते. कॅपची कड तिथे पातळ होत होत धारेसारखी होते. दुसरा प्रकार शॅम्फर. गच्चीवर भिंत आणि जमीन मिळते तिथे पाणी मुरू नये म्हणून गवंडी सिमेंटचा गोलसर उतार काढतो, तसा दाताच्या भिंतीच्या पायथ्याशी गोलसर उतार असतो. तिसरा प्रकार शोल्डर, म्हणजे खांदा. इथे भिंत सरळ खाली येते आणि मग काटकोनात बाहेर वळते. जिन्याच्या पायरीसारखी सपाट जागा तयार होते आणि कॅप त्या पायरीवर बसते. याच खांद्याचा आतला कोपरा गोल केला की चौथा प्रकार होतो. तो महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

हे प्रकार आले कुठून? सोन्याच्या किंवा इतर धातूच्या कॅपला सुरीची धार चालायची, किंबहुना शोभायची. धातू पातळ झाला तरी तुटत नाही. जास्त जोर आला तर किंचित वाकतो आणि दाताला घट्ट बिलगतो. सिरॅमिकचा इतिहास वेगळा आहे. अमेरिकेत डेट्रॉईटमध्ये चार्ल्स लँड नावाचे दंतवैद्य होते. अटलांटिक एकट्याने विमानाने ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांच्या मुलीचा मुलगा. या लँड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०३च्या सुमारास, प्लॅटिनमच्या कागदासारख्या पातळ पत्र्यावर पोर्सेलीन भाजून 'जॅकेट' कॅप तयार करण्याची पद्धत रूढ केली. दिसायला सुंदर, पण ठिसूळ. ती तडकू नये म्हणून तिला खाली पूर्ण खांदा हवा, हे त्या काळच्या दंतवैद्यांना अनुभवातून कळलं होतं. का हवा, याचं गणित मात्र दुसऱ्या शास्त्रातून आलं.

कापडाची चीर आणि काचेवरचा ओरखडा

कापड दुकानात तुम्ही पाहिलं असेल. दुकानदार कात्रीने कडेला छोटीशी चीर देतो आणि दोन्ही हातांनी झटका देतो. सरळ टरकन फाटतं. चीर न देता फाडून बघा, दमछाक होते. काच कापणाराही तेच करतो. हिऱ्याने एक ओरखडा ओढतो आणि हलकेच वाकवतो. काच त्याच रेषेवर दुभंगते. कापडाची किंवा काचेची ताकद त्या चिरेमुळे सगळीकडे कमी झालेली नसते. ओढणारा सगळा जोर चिरेच्या टोकाशी गोळा होतो, एवढंच.

१९१३ साली इंग्लंडमध्ये इंग्लिस यांनी हे गणितात मांडलं. ओढलेल्या पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या कडेला जोर तिप्पट होतो. भोक जितकं लांबट आणि टोकदार, तितका तो वाढत जातो. मग १९२०च्या सुमारास ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून दाखवलं की काच पुस्तकी ताकदीच्या कितीतरी आधी का फुटते. तिच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा आधीच असतात म्हणून. धातूत अशा चिरेचं टोक जोर आल्यावर बोथट होतं. सिरॅमिकमध्ये ते टोकदारच राहतं. म्हणून सिरॅमिकची दाबातली ताकद खेचीतल्या ताकदीच्या साधारण दहापट धरतात. दाबाने चीर मिटते, खेचीने उघडते, एवढं साधं कारण आहे.

आता थोडे आकडे बघू. दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पोर्सेलीनची वाकवून मोजलेली ताकद १०० मेगापास्कलच्या आतबाहेर असते. आज खूप वापरलं जाणारं लिथियम डायसिलिकेट हे काच-सिरॅमिक ३५० ते ४०० मेगापास्कलपर्यंत जातं, आणि नेहमीचा झिर्कोनिया १,००० मेगापास्कलच्या आसपास. पण हे आकडे गुळगुळीत केलेल्या छोट्या पट्ट्यांचे आहेत. तोंडातल्या कॅपला चिरा असतात. म्हणून दुसरा आकडा जास्त कामाचा : चीर पुढे सरकायला ते मटेरियल किती विरोध करतं. त्याला चिवटपणा म्हणू. पोर्सेलीनचा हा आकडा १च्या जवळ, लिथियम डायसिलिकेटचा २च्या आसपास, झिर्कोनियाचा ५च्या आसपास. एककात आज शिरायला नको.

समजा कडेला १०० मायक्रॉनची चीर पडली. म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. ग्रिफिथच्या सूत्रात हे आकडे घातले तर असं येतं : पोर्सेलीनची कड सुमारे ५० मेगापास्कल खेचीला फुटेल, लिथियम डायसिलिकेटची १००ला, आणि झिर्कोनियाची २५०ला. हजार मेगापास्कलचा झिर्कोनिया केसाएवढ्या टवक्याने पाव ताकदीवर आला! आणि टवके उडायची हक्काची जागा कोणती? चहाचा कप आपटला तर टवका कुठला उडतो, आठवा. कडेचाच. कॅप मशीनमध्ये कोरताना, लॅबमध्ये घासताना, दातावर बसवून बघताना, सगळीकडे पातळ कडेलाच पहिला मार बसतो.

बांगडी आणि पाचर

आता जोर कसा पोचतो ते बघू. कॅपची खालची कड म्हणजे दाताभोवती बसलेली एक कडी आहे. काचेची बांगडी डोळ्यांसमोर आणा. कासाराकडे बांगड्या भरताना हात जरा मोठा असला आणि बांगडी जोराने पुढे सरकवली की ती तडकते. बांगडीला कोणी दोन टोकं धरून ओढलेलं नसतं. आतून रुंद होत जाणारा हात तिला बाहेर ढकलतो, तिचा परिघ वाढवू पाहतो, आणि परिघ वाढवणं म्हणजे काचेला खेचणं. दगड फोडणारा पाथरवट भोकात पाचर ठोकतो तेव्हाही जोर वरून खाली असतो, पण पाचरीच्या उतारामुळे तो आडवा होऊन दगडाला दोन्हीकडे ढकलतो.

कॅपचं तसंच आहे. खाली सपाट खांदा असेल तर वरून आलेला जोर सरळ खांद्यावर उतरतो. कड दाबली जाते, आणि दाब सिरॅमिकला सोसतो. खाली उतार असेल तर कॅप त्या उतारावरून घसरू पाहते, दात पाचरीसारखा तिला बाहेर ढकलतो आणि कडेच्या कडीत परिघाची खेच तयार होते.

एक ठोकताळा करून बघू. कडेला १ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर उंच अशी कडी आहे असं समजा. ती ४५ अंशांच्या उतारावर बसली आहे. घर्षण नाही, सिमेंटची मदत नाही आणि सगळा जोर कडेवरच येतो, असं सर्वांत वाईट चित्र धरू. दाढेवर चावताना सहज २०० न्यूटन जोर येतो, म्हणजे साधारण वीस किलोचं ओझं. त्याने या कडीत सुमारे ३२ मेगापास्कल खेच येते. सुपारीसारखं कडक काही दाताखाली आलं आणि जोर ६०० न्यूटन झाला, तर ९५ मेगापास्कल. आता कड निम्मी, म्हणजे अर्धा मिलिमीटर रुंद केली तर तीच खेच १९० होते. उतार ६० अंशांचा, म्हणजे आणखी उभा केला, तर ३३०.

मघाचे आकडे याच्या शेजारी ठेवा. केसाएवढा टवका असलेली पोर्सेलीनची कड ५०ला फुटत होती, लिथियम डायसिलिकेटची १००ला, झिर्कोनियाची २५०ला. म्हणजे या वाईट चित्रात रुंद कडेवर लिथियम डायसिलिकेट कसंबसं तग धरतं. पातळ कडेवर फक्त झिर्कोनिया उरतो. आणि फार उभ्या उतारावर तोही धोक्यात येतो. सपाट खांद्यावर मात्र ही खेच याच गणितात जवळजवळ शून्य होते.

खऱ्या तोंडात चित्र इतकं वाईट नसतं. सिमेंट कॅपला भिंतीवर सगळीकडे धरून ठेवतं आणि जोर वाटला जातो. सुरीच्या धारेच्या कॅपमध्ये तर जवळजवळ सगळा भार भिंत आणि सिमेंटच उचलतात. दुसरीकडे, खरा जोर क्वचितच सरळ खाली येतो. तो तिरका येतो, एका बाजूला जास्त येतो. त्यामुळे हे आकडे कॅप किती वजनाला तुटेल हे सांगत नाहीत. उतार, जाडी आणि चीर यांपैकी काय बदललं की धोका कोणत्या दिशेला सरकतो, एवढंच ते सांगतात. संगणकावर कॅपचे हजारो बारीक तुकडे पाडून प्रत्येकातलं प्रतिबल मोजण्याची पद्धत आहे, 'फायनाइट एलिमेंट' नावाची. तिच्यातही कडेचा आकार आणि जाडी बदलली की कडेजवळचं प्रतिबल बदलताना दिसतं.

आतला कोपरा

मग सगळीकडे सपाट खांदाच कापावा, संपला विषय? नाही. काटकोनी खांद्याला आत एक धारदार कोपरा असतो, भिंत आणि पायरी मिळते तिथे. इंग्लिसचं गणित इथे पुन्हा लागू होतं. दातातला हा कोपरा धारदार असेल, तर त्यावर तंतोतंत बसणाऱ्या कॅपच्या आतल्या बाजूलाही तितकीच टोकदार कंगोऱ्याची रेघ येते. जोर तिथे गोळा होतो. दातात आणि कॅपमध्ये, दोन्हीकडे. वेफर्सच्या पाकिटाला फाडायला खाच दिलेली असते ना? आपण आपल्याच हाताने तशी खाच करून ठेवल्यासारखं हे होतं.

म्हणून सिरॅमिकसाठी आज शिकवला जाणारा आकार म्हणजे बाहेर सपाट, आत गोल : गोल कोपऱ्याचा खांदा. खोल शॅम्फरही त्याच्या जवळ जातो. पुरेसा खोल शॅम्फर आणि गोल कोपऱ्याचा खांदा शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना पटकन कळत नाही, आणि प्रतिबलाच्या दृष्टीनेही ते भाऊ-भाऊच आहेत. उलट, खांद्याच्या बाहेरच्या टोकाला पुन्हा तिरकी धार काढायची, ज्याला बेव्हल म्हणतात, ती धातूच्या कॅपला चालते. सिरॅमिकला ती नको, कारण त्या धारेवर येणारं सिरॅमिक इतकं पातळ असतं की ते टवक्याचीच वाट बघत असतं.

दाताचे बाहेर आलेले कोपरेही गोल करावे लागतात, आणि त्याचं कारण मशीनमधून आलं. आजच्या बऱ्याच कॅपा संगणकाला जोडलेल्या मशीनवर कोरल्या जातात. कोरणाऱ्या टोकाला स्वतःची गोलाई असते. त्या गोलाईपेक्षा बारीक कोपरा ते कोरूच शकत नाही. मग मशीन काय करतं? कॅप दातावर अडकू नये म्हणून कोपऱ्याजवळ जास्त कोरून टाकतं. तिथे सिरॅमिक पातळ होतं आणि मधल्या पोकळीत सिमेंटचा जाड थर भरतो. सिमेंट दातापेक्षाही मऊ असतं. टेबलावरची काच सपाट लाकडावर टेकली तर वर्षानुवर्षं टिकते, पण तिच्याखाली एका बाजूला रबराची गादी घालून जोर द्या, ती खालून तडकते.

दात कापतानाही एक चूक सहज घडू शकते. शॅम्फरसाठी गोल टोकाचा बर वापरतात. त्याच्या टोकाची रुंदी समजा १.२ मिलिमीटर असेल तर तो निम्माच, म्हणजे ०.६ मिलिमीटर आत न्यायचा असतो. निम्म्याहून जास्त आत गेला की बाहेरच्या बाजूला दाताची एक पातळ उभी किनार राहून जाते, पन्हळीच्या काठासारखी. ती किनार मापात नीट उमटत नाही, लॅबमध्ये मोडते, आणि दातावर राहिली तरी कॅप बसवताना तुटते. मग कडेखालचा आधारच गेला.

तुटलेले तुकडे काय सांगतात

हे सगळं गणित झालं. खऱ्या तोंडात काय होतं? प्रयोगशाळेत कॅप एका ठोकळ्यावर बसवतात, वरून पोलादी गोळी दाबत जातात आणि किती जोराला फुटली ते लिहून घेतात. आकडे कधी दोन-तीन हजार न्यूटनच्या पुढे जातात. इतका जोर माणूस चावताना देतच नाही. १९९९ साली जे. रॉबर्ट केली यांनी याच पद्धतीवर बोट ठेवलं. प्रयोगशाळेत कॅप गोळीखाली चिरडून अनेक तुकड्यांत फुटते. तोंडातली कॅप अशी फुटत नाही. शिवाय ठोकळा पोलादाचा असेल तर तो दातातल्या डेंटिनपेक्षा दहापट ताठ असतो, त्यामुळे कॅप आहे त्यापेक्षा मजबूत भासते.

म्हणूनच कडेच्या आकारावरचे प्रयोग एकमेकांशी जुळत नाहीत. काहींमध्ये खांदा सरस ठरतो, काहींमध्ये शॅम्फर. झिर्कोनियाच्या काही प्रयोगांत तर सुरीची धारही छान टिकलेली दिसते. प्रत्येकाचा ठोकळा वेगळा, सिमेंट वेगळं, जोर देण्याची रीत वेगळी. गोळी वरून चिरडत असेल तर फूट वरच्या पृष्ठभागापासून सुरू होते. कडेची परीक्षाच होत नाही.

याहून खरी साक्ष देतात ते रुग्णांच्या तोंडात तुटलेले तुकडे. तुटलेल्या पृष्ठभागावर बारीक रेघा आणि लाटा असतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली उलट दिशेने वाचत गेलं की चीर कुठून निघाली ते ठिकाण सापडतं. या शास्त्राला फ्रॅक्टोग्राफी म्हणतात. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या मारित ओइलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडात तुटलेल्या काच-सिरॅमिकच्या आणि झिर्कोनियाच्या कॅपा अशा वाचल्या. बहुतेकींची फूट कडेतून निघाली होती, आणि तीही बहुधा दोन दातांच्या मधल्या बाजूला. हे आपल्या बांगडीशी जुळतं. हिरडीची रेषा सरळ नसते. दोन दातांमध्ये ती कमानीसारखी वर चढते आणि कडही तिच्याबरोबर चढते. तिथे कॅपची भिंत सर्वांत बुटकी होते आणि परिघाची खेच सोसायला सिरॅमिक कमी उरतं.

आणखी एक गोष्ट. तोंड ओलं असतं. चिरेच्या टोकाशी पाण्याचे रेणू काचेतले सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध हळूहळू तोडतात. रोज शेकडो वेळा चावणं होत असतं, दर वेळी चीर किंचित सरकते. आज १०० मायक्रॉन असलेली चीर चार वर्षांनी ४०० झाली, तर ग्रिफिथच्या हिशेबाने ताकद निम्मी होते. म्हणूनच लोक सांगतात, 'डॉक्टर, मऊ पोळी खात होतो, कॅप तुटली.' ते खरं असतं. पोळी निमित्त असते, चीर जुनी असते.

एक मिलिमीटरची किंमत

इथपर्यंत ऐकून वाटेल की रुंद, सपाट, गोल कोपऱ्याचा खांदा कापून मोकळं व्हावं. आता दाताची बाजू ऐकू.

खालचा पुढचा, मधला पटाशीचा दात घ्या. हिरडीजवळ त्याची रुंदी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरासरी साडेतीन मिलिमीटर असते आणि पुढून मागे सुमारे ५.३ मिलिमीटर. चारही बाजूंनी १ मिलिमीटरचा खांदा कापला तर उरतो दीड मिलिमीटर बाय ३.३. छेदाचं क्षेत्रफळ काढलं तर मूळच्या पाव भागाहून थोडं जास्त, २७ टक्के. त्याच्या मधोमध नस आहे. खांदा अर्ध्या मिलिमीटरचा ठेवला तर ५८ टक्के उरतं. वरचा मधला पटाशीचा दात मोठा असतो. तिथे १ मिलिमीटर कापूनही ४८ टक्के राहतं. म्हणजे एकाच मापाचा खांदा एका दाताला परवडतो, दुसऱ्याला मोडकळीस आणतो.

२००२ साली एडेलहॉफ आणि सोरेन्सन यांनी पुढच्या दातांवर वजन करून मोजलं. पूर्ण कॅपसाठी दाताच्या वरच्या भागाचं ६३ ते ७२ टक्के वजन कापून निघतं. फक्त पुढच्या बाजूला चिकटवायच्या पातळ व्हिनियरसाठी ३ ते ३० टक्के. कॅप तुटली तर दुसरी करता येते, खर्च होतो, मनस्ताप होतो, पण करता येते. दात कापला की तो परत येत नाही. नसेजवळ गेलं तर पुढे रूट कॅनालची वेळ येऊ शकते. तरुण माणसात नसेची पोकळी मोठी असते, तिथे हा धोका जास्त. आणि फार बारीक उरलेला दात कॅपसकट हिरडीच्या पातळीवर मोडला, तर बऱ्याचदा तो काढावाच लागतो.

मग कोणती कड, कोणासाठी

काच-सिरॅमिकला, म्हणजे लिथियम डायसिलिकेटसारख्या मटेरियलला, साधारण १ मिलिमीटरची गोल कोपऱ्याची कड किंवा खोल शॅम्फर द्यावा, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याला एक फायदा आहे. आतून हायड्रोफ्लोरिक आम्लाने खडबडीत करून ते रेझिन सिमेंटने दाताला खरोखर चिकटवता येतं. चिकटल्यावर जोर दातात वाटला जातो, चिरेच्या तोंडाशी सिमेंट भरतं, आणि कमी जाडीतही ते तग धरू शकतं. पण हे चिकटणं इनॅमलवर सर्वांत चांगलं होतं. कड खोल, हिरडीच्या आत, रक्त आणि लाळेच्या ओलाव्यात असेल तर हा फायदा बराचसा वाया जातो.

झिर्कोनिया चिवट असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा हलका शॅम्फरही त्याला पुरतो. जिथे दात बारीक आहे किंवा मूळ उघडं पडलं आहे, तिथे काही दंतवैद्य पायरी न कापता उभी सुरीधार ठेवतात. त्यामागे दात वाचवण्याचा विचार आहे. पण तिथे कड पातळ राहते, कुठे संपते ते लॅबला नीट दिसत नाही, आणि टवका उडू नये म्हणून ती जाड ठेवली तर हिरडीला टोचते. फायदा-तोटा दोन्ही तोलून घ्यावं लागतं.

आणि कड कुठलीही असो, बसली नीट पाहिजे. १९७१ साली मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी हजारावर कॅपा आणि तत्सम कामं तपासून १२० मायक्रॉनपर्यंतची फट चालू शकते असं सुचवलं. आजही तो आकडा मोजपट्टी म्हणून वापरला जातो. फट मोठी असेल तर सिमेंट झिजतं, कीड शिरते, आणि कडेखालचा आधार एका जागी जातो. मग मघाची रबराची गादी आठवा.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*झिर्कोनिया इतका मजबूत आहे, तर दात कसाही कापला तरी चालेल ना?*

नाही चालणार. झिर्कोनियाला चुकीची थोडी जास्त मुभा मिळते, एवढंच. कडेवर खोल टवका असेल तर त्याचीही ताकद कशी उतरते ते आपण पाहिलं. शिवाय कॅप फक्त कडेलाच फुटत नाही. चावण्याच्या पृष्ठभागाखाली जाडी कमी पडली तर ती तिथूनही फुटते.

*कॅप तुटली तर कारण कड होती हे कसं कळणार?*

तुकडे टाकू नका. लहान डबीत घालून दंतवैद्याकडे न्या. कडेजवळ अर्धचंद्रासारखा तुकडा निघाला असेल किंवा तडा कडेपासून वर गेला असेल, तर संशय कडेवर आणि तिच्याखालच्या आधारावर जातो. नवी कॅप करण्याआधी ते बघितलं पाहिजे. नाहीतर त्याच दातावर दुसरी कॅपही त्याच जागी तुटायची.

*कॅप बसवल्यावर उंच लागते म्हणून डॉक्टर घासतात. त्याने नुकसान होतं का?*

घासल्याने बारीक ओरखडे पडतात, आणि ओरखडा म्हणजे चीर. उंच लागत असेल तर घासावंच लागतं, पण नंतर त्या जागेला नीट पॉलिश झालं पाहिजे. चावताना उंच लागणारी कॅप 'होईल सवय' म्हणून तशीच ठेवू नये. सगळा जोर तिच्यावरच येत राहतो.

*आम्ही पेशंटनी काय विचारावं?*

दात कापण्याआधी तीन गोष्टी विचारा. या दाताला पूर्ण कॅपच हवी का, की थोडंच कापून भागेल? कडेला किती कापणार आणि त्यानंतर दात किती उरेल? आणि हे मटेरियल तेवढ्या जाडीत चालतं का? रात्री दात खायची सवय असेल किंवा सुपारी चघळत असाल, तर तेही याच वेळी सांगा. कडेची रुंदी ठरवताना ते उपयोगी पडतं, आणि दात कापून झाल्यावर सांगून त्याचा फारसा उपयोग राहत नाही.